मेम्ब्रेन चोक होतं म्हणे!

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मेम्ब्रेन चालत नाही, असं एक शास्त्र आहे. ते कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. ईटीपीच्या, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या, ऑफिसात चहाच्या कपाबरोबर ते शिकवलं जातं. सांडपाण्यातलं तेल काढायला अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे बारीक छिद्रांचा मेम्ब्रेनचा पडदा, बसवा, असं म्हणायचा अवकाश, समोरचा साहेब खुर्चीत मागे रेलतो आणि सांगतो, "अहो तात्या, आपलं पाणी वेगळं आहे. इथं मेम्ब्रेन चोक होतं." झालं, विषय मिटला. मग पावसाचं निघतं, उसाच्या दराचं निघतं, आणि मी माझा पान्यांचा डबा उचलून पंपाकडे जातो.

मी पंपांची कामं करतो. ईटीपीचे पंप, गाळाचे पंप, डोसिंग पंप. ज्या पाण्याकडे बघायला कुणाला नको असतं, त्या पाण्यात हात घालून माझं घर चालतं. नीरेच्या काठी थोडी जमीनही आहे, म्हणजे जे पाणी मी सकाळी कारखान्यात ढकलतो ते पुढे कुठे जातं हेही मला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा मेम्ब्रेन चोक होतं की नाही, यावर मी दोन शब्द बोललो तर ते आगाऊपणाचं होऊ नये.

होतं. मेम्ब्रेन चोक होतं. जगात कुठेही होतं. बारामतीच्या पाण्याचा त्यात काही खास पराक्रम नाही. अल्ट्राफिल्ट्रेशनच्या मेम्ब्रेनची छिद्रं मायक्रॉनच्या दहाव्या-शंभराव्या भागाएवढी असतात. तेलाचा थेंब, चरबी, प्रथिनं, कचरा, सगळं त्या पृष्ठभागावर येऊन बसतं. म्हणून पाणी सरळ आरपार दाबत नाहीत, पृष्ठभागाला घासून वेगाने वाहतं ठेवतात. अधूनमधून उलटा मारा करतात. रोज धुतात. हे सगळं करायचं ठरवलं की चालतं, नाही ठरवलं की आठवड्यात बंद पडतं. मुद्दा चोक होण्याचा नाहीच. मुद्दा धुण्याचा आहे, आणि धुवायला माणूस कुणी ठेवायचा याचा आहे.

पुरावा बघायला लांब जायला नको. बारामतीच्या एमआयडीसीत चीज बनतं. दहा लिटर दुधातून साधारण एक किलो चीज निघतं आणि बाकीचं व्हे, म्हणजे निवळी, उरतं. या निवळीतली प्रथिनं काढायची जगभरची रीत अल्ट्राफिल्ट्रेशनचीच आहे. निवळी म्हणजे काही गंगाजल नव्हे. तिच्यात प्रथिनं, उरलेला स्निग्धांश, कॅल्शियम, सगळा चिकट मामला. मेम्ब्रेनला ती सांडपाण्याइतकीच छळते. तरी व्हे प्रोटीनचे कारखाने चालतात, कारण तिथे मेम्ब्रेन रोज गरम कॉस्टिकने धुतात, मग ॲसिडने धुतात, सीआयपीची, म्हणजे या आतल्या आत धुण्याची, वेळ ठरलेली असते आणि ती चुकली तर शिफ्टच्या साहेबाला जाब द्यावा लागतो. का? तर मेम्ब्रेनच्या अलीकडे जे अडतं त्याचा डबा जिममधली पोरं हजारो रुपयांना विकत घेतात.

दुसरं उदाहरण वाहनांचं. आपे रिक्षा आणि वेस्पा स्कूटर बारामतीत तयार होतात, हे आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. वाहनाच्या सांगाड्याला पहिला थर देताना तो रंगाच्या टाकीत बुडवून वीज सोडतात. बाहेर काढल्यावर अंगावरचा जास्तीचा रंग धुवावा लागतो. तो धुतलेला रंग वाया जाऊ नये म्हणून अशा टाक्यांना अल्ट्राफिल्ट्रेशन जोडण्याची पद्धत वाहन उद्योगात १९७० च्या दशकापासून आहे. रंग मेम्ब्रेनला कमी चिकटतो का? पण तिथे चोक झालं म्हणून हात वर करणारा माणूस मी तरी बघितला नाही. रंग महाग आहे.

म्हणजे हिशेब उघड आहे. अडवलेल्या मालाला गिऱ्हाईक असलं की मेम्ब्रेन चालतं. अडवलेल्या मालाला गिऱ्हाईक नसलं, फक्त नदी वाचणार असली, की आपलं पाणी वेगळं होतं.

आता हे तेल-पाण्याचं प्रकरण नेमकं काय आहे ते जरा बघू, कारण ईटीपीवाले "ऑइल ट्रॅप आहे ना" या चार शब्दांवर वर्षानुवर्षं निभावून नेतात. ऑइल ट्रॅप म्हणजे एक टाकी. मध्ये आडवी भिंत, पाणी खालून पुढे जातं, तेल वर तरंगतं, ते काढून घ्यायचं. साधी, शहाणी, जुनी युक्ती. पण तेल वर येईल तेव्हा ना! थेंब किती मोठा, यावर सगळा खेळ. वंगणाच्या तेलाचा १५० मायक्रॉनचा थेंब मीटरभर वर यायला साधारण चौदा मिनिटं घेतो. थेंब शंभरपट बारीक झाला, म्हणजे दीड मायक्रॉनचा झाला, की त्याचा वेग दहा हजार पटींनी मंदावतो. तेवढंच अंतर कापायला त्याला तीन महिने लागतात. तीन महिन्यांत अर्ध्याहून जास्त गाळप हंगाम उरकतो! आणि टाकीत पाणी थांबतं किती? फार तर तासभर. बाकीचा थेंब तुमच्या ऑइल ट्रॅपला रामराम करून पुढे जातो.

आणि बारीक थेंब कशाने होतात, ते आपल्याइतकं कुणाला माहीत? दूध म्हणजे तरी काय, पाण्यात विखुरलेले स्निग्धांशाचे थेंबच. कच्च्या दुधात ते सरासरी तीन-चार मायक्रॉनचे. डेअरी त्यांना होमोजिनायझरमध्ये प्रचंड दाबाने फोडून मायक्रॉनच्या आसपास आणते, हेतू हाच की पिशवीत साय वर येऊ नये. साय वर येऊ नये म्हणून यंत्र घ्यायचं, आणि तेच दूध फरशीवर सांडून गटारात गेलं की ऑइल ट्रॅपमध्ये साय वर येईल अशी आशा धरायची. वर सीआयपीचं कॉस्टिक आणि साबण त्याच गटारात. म्हणजे उरलासुरला थेंबही वर येणार नाही याची पक्की व्यवस्था.

आमच्या इंदापूर-बारामतीत पहाटे संकलन केंद्रावर कॅन घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला विचारा स्निग्धांशाची किंमत. फॅट एक पॉइंट कमी लागली की दर कापला जातो. त्याच्या तोंडावर कापला जातो, मशीनच्या पावतीसकट. तोच स्निग्धांश डेअरीच्या गेटाच्या आत मोरीत गेला की त्याला कुणी पॉइंट लावत नाही. साडेतीन फॅटच्या एक लिटर दुधात ३५ ग्रॅम स्निग्धांश असतो. डेअरीच्या सांडपाण्यात तेल-चरबीची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर दूध सांडलं तर त्यातली चरबी नुसती मर्यादेत आणायला साडेतीन हजार लिटर पाणी पाहिजे. हा गुणाकार शेतकऱ्याच्या पावतीवर छापायला हरकत नाही.

डेअरीत निदान चरबी खाण्याची असते. साखर कारखान्याचं तेल निराळं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा, शिवाय खासगी कारखाने आहेतच. इतकं ऊस-गाळप क्वचितच कुठल्या दोन तालुक्यांच्या वाट्याला येत असेल. जुन्या धाटणीच्या मिलमध्ये रोलर ब्रॉन्झच्या बेअरिंगवर फिरतात. त्या बेअरिंगला काळं, जाड तेल सतत पाजावं लागतं. ते तेल बेअरिंगमधून गळून खालच्या फरशीवर येतं, फरशी पाण्याने मारतात, ते पाणी बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, बारीक भुसा, रसाचे थेंब आणि तेल असं सगळं घेऊन नाल्याला लागतं. हे काही गुपित नाही. मिल हाउसमध्ये चालताना पाय जपून टाकावा लागतो तो याच तेलामुळे.

एका कारखान्यात, नाव विचारू नका आणि तो या दोन तालुक्यांतलाच असेल असंही धरू नका, मला ऑइल ट्रॅपपाशी गाळाचा पंप काढायला बोलावलं होतं. ट्रॅप कुठाय म्हणून मी शोधत होतो आणि मी त्याच्याच कडेला उभा होतो. तेलाचा थर भुशासकट वाळून इतका जाड झाला होता की त्यावर गवत उगवलं होतं. चांगलं हिरवं, वीतभर. ऑपरेटर पोरगा नवा होता. त्याला विचारलं, "हे काढत नाहीत का रं?" तो म्हणाला, "काढत्यात की मिस्त्री, व्हिजिट असली की." म्हणजे वर्षातून एकदा तेल वेगळं होतं. मेम्ब्रेन नव्हतं, वीज नव्हती, तंत्रज्ञान नव्हतं. एक माणूस, एक झारा आणि एक रिकामा ड्रम, एवढंही त्या टाकीच्या नशिबी नव्हतं. आणि मला सांगतात मेम्ब्रेन परवडत नाही!

किती तेल जातं, हा प्रश्न विचारला की हवेत हात फिरवतात. हवेत कशाला? कारखान्याच्या स्टोअरमध्ये रजिस्टर असतं. वंगणाचे किती ड्रम आले, मिल हाउसला किती लिटर इश्यू झाले, तारीखवार सह्यांनिशी लिहिलेलं असतं. स्टोअरकीपर एक नट इश्यू करताना दोन सह्या घेतो. दुसरीकडे वापरलेल्या तेलाची नोंद ठेवावी लागते. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं तेल म्हणजे वर्ग ५.१ आणि तेलकट गाळ-चिंध्या म्हणजे ५.२. एमआयडीसीत कुणालाही विचारा, "पाच-एक" म्हटलं की कळतं. ही दोन रजिस्टरं कधी एका टेबलावर येत नाहीत. आत आलेलं तेल आणि नोंदीने बाहेर गेलेलं तेल यांची वजाबाकी करा. थोडं बगॅसबरोबर बॉयलरमध्ये जळालं म्हणा, थोडं मशिनरीत राहिलं म्हणा. उरलेलं उडून गेलं का? तेल बाष्प होऊन स्वर्गाला जात नाही. ते नाल्याने जातं.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने साखर कारखान्याला उसाच्या टनामागे १०० लिटर शुद्ध केलेलं सांडपाणी सोडायची मुभा आहे, आणि त्यात तेल-ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर नको. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना धरा. पाच लाख लिटर पाणी, म्हणजे पाच किलो तेल रोज, कायद्याच्या पूर्ण आशीर्वादाने. दीडशे दिवसांच्या हंगामात पाऊण टन. हे नियम पाळणाऱ्या आदर्श कारखान्याचं. ट्रॅपवर गवत उगवलेल्या कारखान्याचं गणित मी करत नाही.

मग साहेब लोक कागद काढतात. "पाच लाख लिटरला मेम्ब्रेन लावायचं म्हणजे किती पाहिजे ठाऊक आहे का?" आहे. चौरस मीटरमागे तासाला ५० लिटर धरा, वीस तास चालवा, उरलेले चार तास धुवा. ५०० चौरस मीटर लागतं. आपल्या भाषेत पाच गुंठे. गुंडाळ्या करून किंवा पोकळ धाग्यांच्या जुड्या बांधून ते एका शेडमध्ये बसतं. पण मुळात पाच गुंठे कशाला? अख्ख्या कारखान्याचं पाणी एका नाल्यात एकत्र करायचं, मग त्यातलं तेल शोधत बसायचं, ही अक्कल कुणाची? तेलकट पाणी मिल हाउसचं. ते तिथेच वेगळ्या नळाने घ्या. आधी भुसा चाळा. मोकळं तेल झाऱ्याने किंवा पट्ट्याच्या स्किमरने काढा. उरलेल्या बारीक थेंबांना हवेचे बुडबुडे लावून वर आणा, आणि तरीही जे हट्टी थेंब राहतील त्यांच्यापुरतं, तेवढ्याच पाण्यापुरतं, मेम्ब्रेन लावा. पाच गुंठ्यांचं अर्ध्या गुंठ्यावर येईल. आणि त्याच्याही आधी बेअरिंग बदला. रोलर बेअरिंग असलेल्या मिल देशात चालू आहेत, त्यांना तेल पाजावं लागत नाही, विजेचीही बचत होते. पण बेअरिंग बदललं तर उद्घाटन कशाचं करायचं?

मी मेम्ब्रेनचा विक्रेता नाही, हे इथे सांगून टाकतो. मेम्ब्रेन तेलाचा नाश करत नाही, नुसतं एका बाजूला गोळा करतं. गोळा झालेलं तेल पुन्हा रात्री नाल्यातच सोडणार असाल तर मेम्ब्रेन घेऊच नका, निदान वीज वाचेल.

आता नमुन्याची गोष्ट. सांडपाण्यातलं तेल मोजायची रीत फार नाजूक आहे. काचेची, रुंद तोंडाची बाटली पाहिजे. प्लास्टिक चालत नाही, कारण तेल प्लास्टिकला चिकटून बसतं. लगेच ॲसिड घालून ठेवायचं. बाटली तोंडोतोंड भरायची नाही, दुसऱ्या भांड्यातून ओतून घ्यायची नाही, आणि प्रयोगशाळेत अख्खी बाटली वापरून ती सॉल्व्हंटने खंगाळायची, कारण काचेलासुद्धा थोडं धरतंच. ही काही गुप्त विद्या नाही, तपासणीच्या पद्धतीतच लिहिलेली आहे. आणि मी काय बघितलं? एका ठिकाणी खासगी लॅबचा पोरगा आला. मोटरसायकलच्या डिकीतून पिण्याच्या पाण्याची रिकामी बाटली काढली. आउटलेटच्या टाकीवर तवंग होता, सूर्यप्रकाशात सात रंग दिसत होते. त्याने हाताने तवंग बाजूला सारला, बाटली कोपरभर खोल बुडवली, बूच लावलं आणि चहा प्यायला गेला. रिपोर्ट आला तो मर्यादेच्या आत. येणारच! पाण्यातलं तेल वर राहिलं, बाटलीतलं तेल बाटलीला चिकटलं, आणि कागद तेवढा कोरडा ठणठणीत बाहेर आला.

"पण आता ऑनलाइन मीटर आहेत ना?" आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना चोवीस तास मोजणारी यंत्रं लावायला सांगितली, साखरही त्यात आली. ती यंत्रं साखर कारखान्यात प्रवाह बघतात, पीएच बघतात, बीओडी-सीओडी बघतात, तरंगता गाळ बघतात. तेल बघत नाहीत. चोवीस तास डोळे उघडे, आणि नेमका तवंगच दिसत नाही.

या सगळ्यात विद्या काय करते, हे विचारायलाच पाहिजे, कारण आपला भाग विद्येचं माहेरघर झालाय. दोन्ही तालुक्यांत इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. कृषी विज्ञान केंद्र आहे, माळेगावला अजैविक ताणावर काम करणारी केंद्राची संस्था आहे. उसाला कृत्रिम बुद्धिमत्ता लावायचा प्रयोग तर बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने केला आणि मायक्रोसॉफ्टच्या वाऱ्यावर तो जगभर गाजला. उपग्रह सांगतो उसाला पाणी किती द्यायचं. पाणी कसलं आहे, ते विचारायची सोय अजून झालेली नाही.

तेल-पाण्याच्या मेम्ब्रेनवर तर शोधनिबंधांचा पूर आहे. २००४ साली चिनी शास्त्रज्ञांनी स्टीलच्या जाळीला टेफ्लॉनचा लेप देऊन दाखवलं की तेल खाली जातं आणि पाणी वर राहतं. अळवावरचं पाणी आपण आजीच्या तोंडून ऐकलेलं, त्याचीच ही स्टीलची आवृत्ती. काम सुंदर होतं, यात शंका नाही. पण त्यानंतर जगभर जी लाट आली तिचा नमुना असा: काचेच्या भांड्यात शुद्ध पाणी, त्यात लाल रंग घातलेलं हेक्झेन नाहीतर सूर्यफूल तेल, वरून ओतायचं, खाली लाल थेंब पडतानाचा फोटो, आणि शेवटी "९९ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता". असल्या मिश्रणाला जाळी कशाला लागते? दोन मिनिटं थांबा, आपोआप वेगळं होतं. भुसा, चुना, साबण, साखर आणि दोन मायक्रॉनचे थेंब असलेलं मिल हाउसचं पाणी त्या जाळीवर ओता आणि मग टक्केवारी सांगा.

पोरांना दोष देत नाही मी. एकदा चार पोरं माझ्याकडे आली होती, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. "काका, ऑइली वॉटरचं सॅम्पल मिळेल का?" मी खूश झालो. म्हटलं चला, ड्रम भरून देतो. दुसऱ्या दिवशी फोन आला, सरांनी सांगितलंय खऱ्या पाण्याने रीडिंग नीट येत नाहीत, आम्ही लॅबमध्येच तयार करतो. खऱ्या पाण्याने रीडिंग नीट येत नाहीत! हेच तर अभ्यासायचं होतं ना बाबांनो? पुण्यात पाषाणला एनसीएलने पोकळ धाग्यांच्या मेम्ब्रेनवर काम केलं, ट्रॉम्बेच्या बीएआरसीने गावच्या पाण्यासाठी मेम्ब्रेन बनवून तंत्र उद्योगांना दिलं. ज्ञान आपल्या राज्यात आहे, एसटीने जाता येईल इतक्या अंतरावर. पण कॉलेजच्या गेटापासून कारखान्याच्या नाल्यापर्यंतचं अंतर मात्र कुणाला कापता येत नाही. कारण नाल्याचा निबंध लिहिला तर नाल्याच्या मालकाचं नाव लिहावं लागतं, आणि मालक कदाचित कॉलेजच्या स्टेजवर बसलेला असतो.

जबाबदारी टाळायची आणखी एक सोपी वाट आहे: पुणे. उजनी धरणात पुण्याचं आणि पिंपरी-चिंचवडचं मैलापाणी येतं, भिगवणच्या मच्छीमाराला आणि पक्षी बघायला येणाऱ्यांना त्याचा वास येतो, हे खरंच आहे. त्याबद्दल पुण्याला शिव्या द्यायला मीही पुढे असतो. पण नीरेचं काय? नीरा भोरकडून येते. तिच्यात मुळा-मुठेचा एक थेंब येत नाही. ती भीमेला मिळते ती नरसिंहपूरला, उजनीच्या भिंतीच्या खाली. सांगवी, शिरवली, खांडज, नीरावागजच्या डोहांत उन्हाळ्यात पाणी काळं पडतं, मासे वर येतात, त्याला पुणे कसं जबाबदार? मग दुसरं बोट निघतं: पलीकडचा तीर. नदीच्या त्या बाजूला फलटण, माळशिरस. म्हणजे सातारा आणि सोलापूर जिल्हा. अलीकडचे म्हणतात पलीकडचे सोडतात, पलीकडचे म्हणतात अलीकडचे. तक्रार करायला गेलं की हद्द विचारतात. तवंगाला हद्द कळत नाही, तो बंधाऱ्याच्या फळ्यांना दोन्ही बाजूंनी सारखाच चिकटतो.

समुद्रात तेल सांडलं की बातमी होते. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजं धडकली, शेकडो टन तेल सांडलं, तटरक्षक दल आलं, टीव्हीवाले आले. नदीत हंगामभर थेंब थेंब जाणाऱ्या तेलाला ना जहाज आहे ना टक्कर. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा करण्यात महाराष्ट्र केंद्राच्या पुढे होता, १९६९ साली केला, केंद्राचा १९७४ साली आला. केंद्राच्या आधी आपण, हे कुठल्याही भाषणात सांगता येईल.

आणि आता सगळ्यात मोठी गंमत. मेम्ब्रेन इथे चालत नाही ना? मग नदीकाठच्या कुठल्याही गावात जा. चावडीजवळ, शाळेमागे, ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये आरओचं मशीन आहे. सकाळी पोरं सायकलला जार लावून रांगेत उभी. लग्नात जार, दहाव्याला जार, ऊसतोडीच्या फडातही जार. आरओ म्हणजे काय? मेम्ब्रेनच, आणि अल्ट्राफिल्ट्रेशनपेक्षा कितीतरी बारीक, कितीतरी नाजूक. ते चोक होत नाही का? होतं. गावातला आठवी पास ऑपरेटर ते धुतो, फिल्टर बदलतो, पुन्हा चालू करतो. हजारो टन गाळप करणाऱ्या, इंजिनिअर पदरी असलेल्या संस्थेला जे जमत नाही, ते ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये जमतं. कारण गिऱ्हाईक रांगेत उभं आहे आणि जारला पैसे मोजतं. नदी कारखान्याने घाण करायची फुकट, आणि गावाने तिचं पाणी, नाहीतर तिच्याच काठच्या बोअरचं पाणी, मेम्ब्रेनमधून गाळून विकत प्यायचं. खर्च वाचला म्हणतात तो असा वाचला. वाचला नाही, गेटाबाहेर ढकलला.

मी एका कारखान्याचा सभासद आहे. सप्टेंबरात वार्षिक सभा झाली. अहवालात उतारा होता, डिस्टिलरी होती, को-जनरेशन होतं, परदेश दौऱ्याचे फोटो होते. मी उठून विचारलं की मिल हाउसच्या तेलाचं काय करता. स्टेजवर कुजबुज झाली. अध्यक्ष हसले आणि म्हणाले, "तात्यांची सूचना मोलाची आहे, आयत्या वेळच्या विषयात घेऊ." आयत्या वेळच्या विषयात सभासदांच्या साखरेची तारीख ठरली, टाळ्या पडल्या, राष्ट्रगीत झालं. नंतर एक संचालक जेवणाच्या रांगेत खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असले प्रश्न लेखी द्यायचे असतात, तात्या. सभेच्या काही दिवस आधी."

बरं. मग पुढच्या सभेसाठी आत्ताच लेखी देऊन ठेवतो. गेल्या गाळप हंगामात स्टोअरमधून मिल हाउसला किती लिटर वंगण तेल इश्यू झालं, आणि ५.१ च्या नोंदीने किती लिटर बाहेर गेलं? उत्तर लिटरमध्ये द्यावं.